‘सेल’ संपतो का?

नांदेडकडून येणारा रस्ता जिथे फुटतो, एक हिंगोलीला आणि एक हदगाव-उमरखेडमार्गे यवतमाळकडे, तो वारंगा फाटा. त्या परिसरातल्या एका शाळेत आम्ही कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवत होतो. एका मुलाने विचारले, “सर, पेशीला इंग्रजीत सेल म्हणतात ना? मग हा सेल संपतो का?” वर्ग हसला, आम्हीही हसलो. “अरे, तो सेल वेगळा,” म्हणून पुढे गेलो.

परतताना फाट्यावर एसटीची वाट पाहत होतो. घड्याळवाल्याकडे सेल, कापडाच्या दुकानावर ‘सेल’ची पाटी, पलीकडे मोबाईलचा टॉवर. तेव्हा वाटले, त्या मुलाला आपण नीट उत्तर दिलेच नाही.

कापडाचा सेल आधी बाजूला काढू. तो विक्री या अर्थाचा निराळाच इंग्रजी शब्द. देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात इतकेच. बाकीचे सगळे सेल मात्र एकाच घरातले. लॅटिनमध्ये ‘सेला’ म्हणजे लहान खोली, कोठीघर. त्यावरून मठातल्या साधूची खोली, तुरुंगातली कोठडी आणि मधमाश्यांच्या पोळ्यातले घर यांना सेल म्हणू लागले.

रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाचा पातळ काप भिंगाखाली पाहिला. त्याला पोळ्यासारखे रिकामे कप्पे दिसले. त्यांना त्याने सेल म्हटले. गंमत अशी, की त्याने पाहिल्या त्या मृत पेशींच्या उरलेल्या भिंती! आतला जिवंत ऐवज केव्हाच गेला होता. खोली रिकामी नसते हे पुढे कळले, पण नाव तेच राहिले.

विजेचा सेलही कप्प्यावरूनच आला. व्होल्टाने १८०० साली धातूच्या चकत्यांची चळत रचली. नंतर लाकडी पेटीत धातूच्या पट्ट्या उभ्या बसवून कप्पे पाडले गेले आणि त्यांत द्रव भरला. त्यातला एक कप्पा म्हणजे एक सेल, अनेकांची मिळून बॅटरी. नऊ व्होल्टच्या बॅटरीत दीड व्होल्टचे सहा सेल असतात. मोबाईलसाठीही प्रदेशाचे असेच कप्पे कल्पिले जातात. म्हणून तो ‘सेल्युलर’ फोन.

मराठीने प्रत्येक अर्थाला वेगळा शब्द दिला: पेशी, घट, कोठडी, कक्ष. त्यामुळे घोटाळा टळतो. पण नातेही झाकले जाते. आणि इथे नाते केवळ नावाचे नाही. विश्रांत चेतापेशीच्या पटलाच्या आत-बाहेर सुमारे ७० मिलिव्होल्टचा फरक असतो. टॉर्चच्या सेलच्या साधारण विसावा भाग. विजेचा धक्का देणाऱ्या ईल माशात अशा हजारो पेशी एकापुढे एक जोडलेल्या असतात, म्हणून त्याचा धक्का शेकडो व्होल्टचा. खुद्द व्होल्टाने आपल्या चळतीची तुलना धक्का देणाऱ्या माशाच्या विद्युत अवयवाशी केली होती.

मग पेशीतली वीज संपते का? पेशी अन्नातली ऊर्जा खर्चून सोडियम आणि पोटॅशियमचे आयन सतत इकडून तिकडे ढकलत असते, म्हणून तो फरक टिकतो. ऊर्जा मिळेनाशी झाली की फरक ओसरतो. पेशी मेली, की सेल संपला!

म्हणजे मुलाचा प्रश्न योग्यच होता. आमचे हसू घाईचे होते. पुढच्या खेपेला त्याच वर्गात जाऊन आम्ही तसे सांगितले. तुमच्या वर्गात असा प्रश्न आला, तर ‘तो शब्द वेगळा’ म्हणण्याआधी थोडे थांबा. शब्दाची खोली उघडून पाहा. आत विज्ञान सापडण्याची शक्यता असते.