सुट्टीतील चार श्रेयांक

पदवीचे पहिले वर्ष संपले की अनेक व्यापारी घरांत प्रश्न उभा राहतो : मुलाने पुढे शिकावे की पेढीवर बसावे? लोणी काळभोरला एमआयटी-एडीटी विद्यापीठ आल्याने उच्च शिक्षण दाराशी आले. निर्णय मात्र सोपा झाला नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्याने मधली वाट दिली आहे. पहिल्या वर्षाचे ४० श्रेयांक आणि त्याच उन्हाळी सुट्टीत ४ श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण केल्यास प्रमाणपत्र मिळते. पुढे तीन वर्षांच्या आत परत प्रवेश घेऊन, एकूण सात वर्षांच्या मर्यादेत पदवी पूर्ण करता येते. म्हणजे पेढी सांभाळतानाही परतीचे दार उघडे राहते.

म्हणून सुट्टीतील विषय सोपा आहे वा मित्राने घेतला आहे, एवढ्यावर निवडू नये. एक श्रेयांक म्हणजे वर्गातील १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास. इतका वेळ लेखाकर्म, वस्तू व सेवा कर अथवा मालसाठ्याच्या नोंदी शिकण्यात गेला, तर तो पेढीवर लगेच उपयोगी पडतो. प्रवेशापूर्वी दोन गोष्टी महाविद्यालयात विचारून घ्याव्यात : हा अभ्यासक्रम प्रमाणपत्रासाठी ग्राह्य आहे काय, आणि त्याचे श्रेयांक अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतील काय? जमेच्या नोंदीवाचून व्यवहार पुरा होत नाही, हे आपणांस कोणी सांगावयास नको. कन्येच्या शिक्षणालाही हाच हिशेब लावावा.