निष्कपट प्रीती : ख्रिस्ती सेवाभावाचा अर्थ

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात खाटांची संख्या, शस्त्रक्रिया आणि जमाखर्च यांची माहिती अपेक्षित असते. तिच्या जोडीला हा लेख देण्याचे कारण असे की, आमच्यासारख्या धर्मादाय संस्थांच्या संदर्भात ‘ख्रिस्ती सेवाभाव’ हा शब्दप्रयोग वारंवार कानी पडतो आणि त्याचा नेमका अर्थ काय, अशी विचारणा देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक आपुलकीने, क्वचित शंकेनेही, करीत असतात. या सेवेमागे अन्य काही हेतू तर नसेल ना, ही ती शंका. ती रास्त आहे आणि तिचा विचार ख्रिस्ती धर्मग्रंथांनीच प्रथम केलेला आहे.

रोम येथील मंडळीस लिहिलेल्या पत्राच्या १२ व्या अध्यायात संत पौलाने प्रीती कशी असावी हे सांगताना ‘अनुपोक्रितोस’ हे ग्रीक विशेषण योजले आहे. ग्रीक भाषेत ‘हुपोक्रितेस’ म्हणजे रंगभूमीवरील नट. त्या काळचे नट मुखवटा चढवून प्रेक्षकांसमोर उभे राहत. तेव्हा पौलाला अभिप्रेत असलेली प्रीती म्हणजे सोंग नसलेली, मुखवटा नसलेली प्रीती. ती ओळखावी कशी, हेही तो लगेच सांगतो : गरजूंची गरज भागवावी, अतिथीला घरात घ्यावे, रडणाऱ्यांबरोबर रडावे, दीनांच्या पंक्तीला बसण्यात कमीपणा मानू नये, वैरी भुकेला असेल तर त्याला जेवू घालावे. यांतील जवळजवळ कोणतीही गोष्ट दुसऱ्याच्या जवळ गेल्यावाचून करता येत नाही.

नव्या करारात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडल्या आहेत. उघड्या व उपाशी माणसाला काहीही न देता केवळ शुभेच्छा देऊन वाटेला लावण्यात काय लाभ, असे याकोब आपल्या पत्रात विचारतो. उलट, सर्वस्व दान केले पण प्रीती नसेल तर देणाऱ्याला त्याचा काहीच लाभ नाही, असे पौल करिंथकरांस बजावतो. कृतीवाचून भावना पोकळ आणि प्रीतीवाचून कृती कोरडी. देणगीवर चालणाऱ्या संस्थेला यांतील दुसरे वचन अधिक झोंबावे, असे आम्हांस वाटते.

लूकच्या शुभवर्तमानातील १० व्या अध्यायात चांगल्या शोमरोनी माणसाची कथा आहे. ती बहुतेकांना ठाऊक असते. पण तिच्यातील तपशिलांकडे सहसा लक्ष जात नाही. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एका प्रवाशाला अर्धमेला करून टाकले. याजक आला, बाजूने निघून गेला. लेवी आला, तोही गेला. थांबला तो शोमरोनी, म्हणजे यहुदी लोक ज्यांच्याशी संबंध ठेवीत नसत अशा समाजातील माणूस. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि रात्रभर त्याची शुश्रूषा केली. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. आणि वर सांगितले की, अधिक खर्च झाला तर परत येताना तो मी देईन. जखमीचे नाव, गाव, धर्म यांची चौकशी केल्याचा कथेत उल्लेख नाही. शोमरोनी आपल्या कामाला गेला, हेही ध्यानात घ्यावे. काळजी वाहण्याचे काम त्याने दुसऱ्यावर सोपविले. जबाबदारी मात्र स्वतःकडेच ठेवली. देणगीदार आणि रुग्णालय यांचे नाते याहून नेमके सांगता येणार नाही.

महाराष्ट्राशी या विषयाचा एक जुना धागा आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात तेथील धर्मभगिनींनी चालविलेले सेवाकार्य त्यांनी पाहिले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रिया तेथे सन्मानाने राहत होत्या. इतकेच नव्हे, तर त्यांच्यापैकी काही जणी आता स्वतः रोग्यांची सेवा करीत होत्या. ख्रिस्ती माणसांना अशा स्त्रियांची काळजी का वाटते, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या विहिरीवरील भेटीची कथा वाचून दाखविण्यात आली. रमाबाईंनी पुढे केडगाव येथे अशा स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ उभारले. रमाबाईंना वादाने जे पटले नसते ते तेथील स्त्रियांच्या बदललेल्या चेहऱ्यांनी पटविले असावे.

आता मूळ शंकेकडे वळू. उपचार हे आमिष झाले की ती प्रीती सोंगाची झाली. पौलाच्या कसोटीवर ती टिकत नाही. लूकच्याच १७ व्या अध्यायात येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केल्याची हकिकत आहे. आभार मानण्यास एकच परत आला, आणि तोही शोमरोनी. बाकीचे नऊ जण कोठे आहेत, असे येशूने विचारले खरे. पण त्या नऊ जणांचे आरोग्य काढून घेतले नाही.

रात्रपाळीच्या परिचारिकेला प्रत्येक रुग्णाविषयी उमाळा दाटून यावा, अशी अपेक्षा कोणी करू नये. दमलेला माणूस प्रेमळ हसू उसने आणू लागला तर तेही एक सोंगच. अपेक्षा साधी आहे. मोफत खाटेवरच्या वृद्धालाही ‘अहो आजोबा’ म्हणावे, ‘अरे’ म्हणू नये. सुई टोचण्यापूर्वी काय करणार ते सांगावे. तपासताना पडदा ओढावा. नातेवाईकाने तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला तर तिसऱ्यांदा उत्तर द्यावे, कारण घाबरलेल्या माणसाला पहिल्या दोन वेळा ऐकूच आलेले नसते.

एक अडचण उरते. उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये इतके दान गुप्त असावे, अशी येशूची शिकवण मत्तयाच्या ६ व्या अध्यायात आहे. आणि अहवालात तर देणगीदारांची नावे छापण्याची प्रथा आहे. ज्यांना नाव नको असेल त्यांनी तसे अवश्य कळवावे. त्यांची इच्छा आनंदाने पाळली जाईल. हिशेब मात्र गुप्त ठेवता येत नाही. यरुशलेममधील गरिबांसाठी निधी गोळा करताना पौलाने तो एकट्याने नेला नाही; कोणाला संशयास जागा राहू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली. त्याच कारणास्तव लेखापरीक्षकांनी तपासलेला जमाखर्च पुढील पानांवर दिला आहे.