वसुली एजंट व्हायलाही परीक्षा द्यावी लागते! काय असतो हा कोर्स?

नांदेड-लातूर पट्ट्यात शेतीवर चालणाऱ्या घरात मोठा पैसा येतो तो सोयाबीन विकल्यावर, दिवाळीच्या आसपास. गाडीचा किंवा ट्रॅक्टरचा हप्ता मात्र दर महिन्याला असतो. पावसाने दगा दिला की हप्ते थकतात आणि मग दारात वसुलीवाला उभा राहतो.

हे काम करण्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षा आहे, हे अनेक कर्जदारांना माहीतच नसतं. नोकरी शोधणाऱ्या कित्येक तरुणांनाही नसतं.

कोर्स नेमका काय आहे?

कोर्सचं नाव डेट रिकव्हरी एजंट, म्हणजे डीआरए. परीक्षा घेते मुंबईची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स (आयआयबीएफ). ही संस्था १९२८ पासूनची आहे. दहावी पास उमेदवाराला १०० तासांचं, तर पदवीधराला ५० तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. त्यानंतर १०० गुणांची बहुपर्यायी परीक्षा असते आणि पास व्हायला ५० गुण लागतात. पेपर मराठीतूनही देता येतो.

प्रशिक्षण आयआयबीएफची मान्यता असलेल्या संस्थेतूनच घ्यावं लागतं. त्यामुळे ‘क्लास न करता सर्टिफिकेट’ देणाऱ्यांपासून लांब राहा. फी भरण्याआधी आयआयबीएफच्या वेबसाइटवर त्या संस्थेचं नाव आहे का, ते तपासा.

हा नियम का आला?

गुंड पाठवून वसुली करण्याच्या तक्रारी वाढल्या होत्या. २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ठणकावलं की, वसुली कायदेशीर मार्गानेच झाली पाहिजे. २४ एप्रिल २००८ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी नियमावली काढली. एजंटची पार्श्वभूमी तपासणं आणि त्याला प्रशिक्षण देणं ही जबाबदारी त्यात बँकेवर टाकण्यात आली. एजंट चुकला तर बँकेलाही हात झटकता येत नाहीत.

एजंटला कोणते नियम माहीत हवेत?

- वेळ: थकलेल्या हप्त्यासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. मायक्रोफायनान्सच्या कर्जासाठी ही वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६ आहे.
- जागा: मायक्रोफायनान्सची वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या ठिकाणीच करायची. कर्जदार तिथे सलग दोन किंवा जास्त वेळा आला नाही, तरच घरी किंवा कामाच्या ठिकाणी जाता येतं.
- वागणूक: शिवीगाळ, धमकी आणि चारचौघांत अपमान करायला बंदी आहे. नातेवाइकांना किंवा मित्रांना त्रास देणंही चालत नाही.
- गाडी: रस्त्यात अडवून चावी हिसकावता येत नाही. जप्तीची अट करारात असावी लागते. नोटीस किती दिवसांची आणि विक्रीआधी शेवटची संधी कशी मिळेल, हेही करारात स्पष्ट हवं.
- शेत: तारण मालमत्ता ताब्यात घेण्यासाठी बँका २००२ चा सरफेसी कायदा वापरतात. त्यात आधी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. शेतजमिनीला मात्र हा कायदा लागू नाही. दुसऱ्या कायद्यांनी जमिनीवर कारवाई होऊ शकते, पण ती अधिकारी करतात. जमीन जप्त करणं एजंटच्या हातात नाही.

कोर्टाचा हुकूमनामा झाला तरी सगळं जप्त होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी आणि धार्मिक रूढीने स्त्री अंगावरून उतरवू शकत नाही असे दागिने जप्त करता येत नाहीत. शेतकऱ्याच्या पोटापाण्यासाठी लागणारी अवजारं, बैल आणि बियाणं यांनाही संरक्षण आहे.

एजंट दारात आला तर काय विचारायचं?

ओळखपत्र, बँकेचं अधिकारपत्र आणि नोटिशीची प्रत या तीन गोष्टी मागा. डीआरए प्रमाणपत्र आहे का, तेही विचारा. त्रास झाला तर आधी बँकेकडे किंवा फायनान्स कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी टोल फ्री नंबर आहे १४४४८. धमकी दिली तर थेट पोलीस ठाणं गाठा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ नुसार तो गुन्हा आहे.

पतसंस्था आणि सावकारांचं काय?

त्यांचे कायदे वेगळे आहेत. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ नुसार वसुली दाखला मिळवते आणि पुढची जप्ती वसुली अधिकारी करतो. सावकाराकडे २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार परवाना लागतो. या दोन्हींच्या तक्रारी जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येतात.

प्रमाणपत्र मिळालं की कोणते अधिकार मिळतात?

जप्तीचा किंवा घरात घुसण्याचा कोणताही अधिकार मिळत नाही. नियमात राहून पैसे मागणं, कर्जदाराची अडचण ऐकणं आणि ती बँकेपर्यंत पोहोचवणं एवढंच एजंटचं काम आहे. टार्गेटच्या दबावाखाली धमकी दिली, तर गुन्हा त्या एजंटच्याच नावावर नोंदवला जातो. त्यामुळे नोकरी स्वीकारण्याआधी कंपनी अधिकारपत्र देणार का आणि प्रशिक्षण करून घेणार का, हे दोन प्रश्न नक्की विचारा.