कवितेतला राग

श्रीवर्धनहून म्हसळा-माणगावमार्गे महाडला गेलं की चवदार तळं लागतं. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांना नाकारलेलं तिथलं पाणी ओंजळीत घेतलं. आमच्याच जिल्ह्यातलं हे पाणी डोळ्यांपुढे ठेवून दलित कविता वाचावी. तिच्यातला राग कुठून आला, ते लगेच कळतं.

राग जुनाच आहे, सूर तेवढे वेगळे. संत चोखोबा विठ्ठलापाशीच गाऱ्हाणं घालतात. मालगुंडचे केशवसुत ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ लिहितात; पण तो कळवळा, तोही बाहेरून पाहणाऱ्याचा.

1972 साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला आणि कळवळ्याची भाषाच मोडली. मुंबईतल्या वेश्यावस्तीतले शब्द, शिव्या, बोलीतले तुकडे, सगळं थेट कवितेत. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही काही शब्दांचे अर्थ कवीलाच विचारावे लागले! शिव्या मोजत बसणाऱ्यांना ही कविता कळलीच नाही, असं मला वाटतं. त्याच वर्षी ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी ‘दलित पँथर’ ही संघटना उभी केली. नाव घेतलं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लॅक पँथर’वरून.

दया पवारांचा राग मात्र दबका. संग्रहाचं नाव ‘कोंडवाडा’. दुसऱ्याच्या शेतात शिरलेलं जनावर कोंडवाड्यात घालतात, दंड भरल्यावर सोडतात. माणसाला तिथे कोंडलं, तर दंड कुणी भरायचा?