वयाने मोठ्या मित्राशी गप्पा

मराठी घरांत वयस्कर माणसांशी होणारे बोलणे बहुतांशी नात्याच्या चौकटीत होते, आणि नात्याला जिव्हाळा असतो तशी कामेही चिकटलेली असतात; आजोबांना गोळ्या घेतल्या का हे विचारायचे, मावशीला डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची तारीख सांगायची, काकांकडून सातबाऱ्यावरच्या नोंदींची माहिती काढून घ्यायची, आणि एवढे झाले की दोन्ही बाजूंना बोलणे उरकल्यासारखे वाटते. नात्याबाहेरची मैत्री, म्हणजे तिशी-पस्तिशीतल्या माणसाची सत्तरी ओलांडलेल्या माणसाशी बागेतल्या बाकावर, वाचनालयात किंवा सोसायटीच्या गच्चीवर जुळलेली ओळख, या कामांपासून मोकळी असते. तीत 'अहो' आणि 'काका' सुटत नाहीत, मात्र वारसा, सेवा आणि आज्ञाधारकपणा यांचा हिशेब नसल्यामुळे मोठ्याला आदर्श दिसण्याची आणि धाकट्याला ऐकल्यासारखे करण्याची गरज उरत नाही. अशा निवांत गप्पांतून एखाद्याचे आयुष्य कसे उलगडते, याविषयी मानसशास्त्र, इतिहासलेखन आणि चरित्रवाङ्मय या तिन्हींनी बरेच काही नोंदवून ठेवलेले आहे.

म्हातारी माणसे मागचे बोलू लागली की ती आता वर्तमानातून सुटत चालली, असा समज विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकीय वर्तुळांतही प्रचलित होता आणि गतकाळात रमणे हे मन थकल्याचे लक्षण मानले जाई. रॉबर्ट बटलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात या समजाला आव्हान दिले. आयुष्याचा शेवट जवळ आल्याची जाणीव झाली की माणूस घडून गेलेल्या गोष्टी, विशेषतः न मिटलेले प्रश्न, पुन्हा पुढ्यात घेऊन त्यांचा अर्थ लावू पाहतो, आणि ही प्रक्रिया स्वाभाविक आहे, असे त्याचे म्हणणे होते. तिला त्याने दिलेल्या नावाचा आशय मराठीत 'जीवनाचे पुनरावलोकन' असा सांगता येईल. या निबंधाची पुढे जी लोकप्रिय आवृत्ती झाली तिच्यात आठवणी काढल्याने मन हलके होते एवढाच भाग शिल्लक राहिला, पण बटलरने दुसरी बाजूही मांडली होती: पुनरावलोकनातून काहींना समाधान लाभते, तर काहींना अपराधाची टोचणी, पश्चात्ताप आणि खोल खिन्नता येते. म्हणून गप्पांच्या ओघात भावाशी तुटलेल्या संबंधांचा किंवा अर्धवट सोडलेल्या शिक्षणाचा विषय निघून मोठा मित्र एकाएकी गप्प झाला, तर तेथे आणखी खोदणे हे धाकट्याचे काम नव्हे. तो विषय पुढे कधी निघायचाच असेल, तर मोठा मित्रच तो काढील.

निवांत बोलण्यात कोणत्या काळाच्या गोष्टी अधिक निघतात, याचाही अभ्यास झालेला आहे. उतारवयातील माणसांना काही शब्द देऊन त्यांवरून सुचेल ती आठवण सांगायला लावली असता, अलीकडच्या घटना वगळल्यास, साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी अपेक्षेपेक्षा जास्त निघतात, हे डेव्हिड रुबिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली दाखवून दिले. आठवणींच्या आलेखावर दिसणाऱ्या या फुगवट्याला स्मरणांचा उंचवटा म्हणता येईल. पहिली नोकरी, पहिले बिऱ्हाड, गाव सोडणे, लग्न, पहिले मूल या गोष्टी त्या वयात घडतात, माणूस स्वतःला कोण समजतो तेही त्याच वयात ठरते, आणि या गोष्टी नंतर पुन्हापुन्हा सांगितल्या गेल्याने पक्क्या होतात, अशी कारणे त्यासाठी दिली जातात. त्याचा परिणाम असा की मोठा मित्र स्वतःहून जे सांगतो त्यात कॉलेजची, तालमीची किंवा गिरणीत बदली कामगार म्हणून लागल्याची वर्षे भरभरून येतात, आणि पस्तिशीपासून साठीपर्यंतचा मोठा पट्टा 'मग संसार, नोकरी, चाललं आपलं' एवढ्यावर आटोपतो. मोठ्या मित्राचा बराचसा स्वभाव मात्र त्या आटोपलेल्या पट्ट्यातच दडलेला असतो. 'तुमच्या आयुष्याबद्दल सांगा' अशा भल्याथोरल्या प्रश्नाने तो पट्टा उघडत नाही. पगार हातात आला की पहिल्या दिवशी काय काय देणे असे, रात्रपाळीहून आल्यावर झोप कोठे काढावी लागे, घरात पहिला पंखा कोणत्या खोलीत लागला, असे लहान आणि वस्तूंना धरून विचारलेले प्रश्न तेथे अधिक उपयोगी पडतात.

तारखांच्या बाबतीतही हेच आहे. जुन्या माणसांना सन आठवत नाही, पण सार्वजनिक घटना आठवते, आणि स्वतःच्या आयुष्यातील गोष्टी ती त्या घटनेला अडकवून ठेवतात. जन्मदाखले नसलेल्या भागांत लोकांचे वय ठरवण्यासाठी पाहणी करणारेही अशाच स्थानिक घटनांची कालसूची वापरत आले आहेत. पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि पाठोपाठ खडकवासल्याचे धरणही गेले, त्यामुळे नदीकाठच्या पेठांत राहिलेल्या माणसाच्या बोलण्यात पुराआधीचे घर आणि पुरानंतरचे घर अशी दोन युगे असतात. सातारा-कऱ्हाड भागात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप आणि मुंबईच्या गिरणगावात १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेला संप या अशाच खुणा आहेत. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यात तोच मान १९७२ च्या दुष्काळाचा आहे. त्या वर्षी कोठे होतात, एवढे विचारले की दुष्काळी कामावर खडी फोडायला कोण कोण जात असे, आठवड्याचा पगार कधी होई, सुकडी वाटताना रांगेत कशी भांडणे होत आणि परदेशातून आलेल्या मिलो नावाच्या तांबड्या ज्वारीची भाकरी नीट थापली कशी जात नसे, हे सगळे त्यामागून येते. आणि ज्या माणसाने आपल्या गरिबीविषयी कधी अक्षर काढले नव्हते त्याची गरिबी त्या भाकरीच्या वर्णनात तक्रारीचा सूर न लागता समोर येते.

अशा कथनात चुका असतात, आणि त्या सुधारण्याचा मोह सुशिक्षित श्रोत्याला फार होतो. या संदर्भात इटलीतील अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाचे उदाहरण बोलके आहे. मौखिक इतिहास, म्हणजे कागदपत्रांऐवजी लोकांच्या तोंडून घेतलेल्या हकीगतींवर उभा राहणारा इतिहास, हा त्याचा विषय होता. तेर्नी या पोलादनगरीत लुईजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार १९४९ च्या मार्च महिन्यात नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनात पोलिसांच्या गोळीला बळी पडला होता. परंतु कित्येक वृद्ध कामगारांनी त्याचा मृत्यू १९५३ साली कामगारकपातीविरुद्ध झालेल्या संघर्षात घडल्याचे सांगितले. पोर्तेल्लीने ही चूक कचऱ्यात टाकली नाही. आपल्या सहकाऱ्याचा जीव एका निदर्शनात जावा आणि त्याचा जाब कोणी घेऊ नये, ही बोच त्या कामगारांना सोसवत नव्हती, म्हणून स्मृतीने तो मृत्यू उचलून ते खऱ्या अर्थाने लढले त्या लढ्यात नेऊन ठेवला, असा त्याचा निष्कर्ष आहे. मुंबईच्या गिरण्यांविषयी मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांच्या मुलाखतींवर आधारलेले जे पुस्तक २००४ साली इंग्रजीत प्रसिद्ध केले, त्याचे मोलही आकडेवारीपेक्षा अशा सांगण्यात आहे. इतिहासकाराला निदान तारीख पडताळावी लागते, मित्रावर तेवढेही बंधन नाही, त्यामुळे मोठ्या मित्राने सन चुकवला तर लगेच मोबाईल काढून खरे साल शोधणाऱ्याने गप्पांचा रंग स्वतःच घालवला असे समजावे.

वयाने मोठ्या मित्राला बोलते करण्याच्या कलेचे जगप्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधले आहे. कोशकार आणि समीक्षक सॅम्युएल जॉन्सन आणि स्कॉटलंडचा जेम्स बॉस्वेल यांची पहिली गाठ लंडनमध्ये टॉमस डेव्हिस या पुस्तकविक्रेत्याच्या दुकानामागच्या खोलीत १६ मे १७६३ रोजी पडली, तेव्हा जॉन्सन त्रेपन्न वर्षांचा आणि बॉस्वेल बावीस वर्षांचा होता. स्कॉटिश लोकांविषयी जॉन्सनच्या मनात अढी आहे हे ठाऊक असल्याने बॉस्वेलने आपले गाव न सांगण्याची विनवणी केली होती, ती डेव्हिसने मुद्दाम मोडली, आणि पहिल्याच भेटीत बॉस्वेलला दोनदा तोंडघशी पडावे लागले. तरीही आठवड्याभराने तो जॉन्सनच्या घरी जाऊन धडकला, पुढे मायटर नावाच्या खानावळीत मध्यरात्र उलटेपर्यंत बैठका रंगू लागल्या, आणि ऑगस्टमध्ये बॉस्वेल कायद्याच्या अभ्यासासाठी हॉलंडला निघाला तेव्हा जॉन्सन त्याला निरोप द्यायला घोडागाडीतून थेट हार्विच बंदरापर्यंत गेला. एवढ्या लवकर हा जिव्हाळा जडण्याचे कारण बॉस्वेलच्या वर्तनात सापडते: त्याने नुसते विचारले नाही, स्वतःचेही सांगितले. वडिलांशी असलेले मतभेद, धर्माविषयीच्या शंका, मनाला ग्रासणारी उदासी हे सगळे त्याने उघडे केले, आणि जॉन्सन स्वतः आयुष्यभर खिन्नतेशी झुंजत असल्याने त्याला त्या तरुणाशी बोलण्यात रस वाटला.

बॉस्वेलचे प्रश्न कित्येकदा हास्यास्पद असत. एका किल्ल्यात तान्ह्या मुलासोबत एकट्यालाच कोंडले तर आपण काय कराल, असे त्याने १७६९ साली या अपत्यहीन पंडिताला विचारले. जॉन्सनने नाक मुरडत का होईना उत्तर द्यायला सुरुवात केली आणि बघता बघता मुलाला आंघोळ कोणत्या पाण्याने घालावी यावर स्वतःचे मत देऊन मोकळा झाला. पिळून झालेल्या संत्र्यांच्या साली जॉन्सन खिशात घालून नेतो, घरी त्या नीट कापून वाळवतो, हे लक्षात आल्यावर त्यांचे पुढे काय होते याचा पिच्छा बॉस्वेलने पुरवला, पण ते गुपित जॉन्सनने त्याला सांगितले नाही. सततच्या 'का' आणि 'कसे'ला कंटाळून तो बॉस्वेलवर डाफरल्याच्याही नोंदी आहेत, आणि त्या बॉस्वेलनेच प्रामाणिकपणे केलेल्या आहेत. त्याचा हा चिवटपणा जसाच्या तसा उचलण्याजोगा नाही. आजच्या कोणा सत्तरीतल्या गृहस्थाने तो दोन संध्याकाळींच्या पलीकडे खपवून घेतला नसता.

बॉस्वेलइतकीच जॉन्सनच्या निकट असलेली दुसरी धाकटी व्यक्ती म्हणजे हेस्टर थ्रेल, आणि तिच्याकडे मराठी वाचकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. तीही त्याच्याहून एकतीस वर्षांनी लहान होती, १७६५ साली तिची ओळख झाली, आणि पुढे कितीतरी वर्षे जॉन्सन तिच्या कुटुंबाच्या स्ट्रेटम येथील घरी मुक्कामाला असे. रात्री उशिरापर्यंत चहा ओतत ती त्याच्याजवळ बसे, त्याचे आजारपण काढी आणि त्याच्या मनात दडलेली वेड लागण्याची भीती तिला ठाऊक होती. बॉस्वेलने रंगवलेला जॉन्सन चारचौघांत वाद जिंकणारा आहे, तर थ्रेलने १७८६ साली छापलेल्या आठवणींतला जॉन्सन बाळपणाविषयी बोलणारा, घरच्या माणसांना हवाहवासा आणि तितकाच जड जाणारा आहे. दोघांनी एकमेकांच्या पुस्तकांना नावे ठेवली. पण खानावळीतल्या मित्राला एक आयुष्य सांगावे आणि चहाच्या टेबलाशी दुसरे, यात जॉन्सनने कोणाची फसवणूक केली असे म्हणता येत नाही; माणूस ज्याच्यापुढे बसतो त्याला साजेल तेवढे आयुष्य काढून दाखवतो, आणि म्हणून एखाद्या मोठ्या मित्राला आपण पुरते ओळखले असा दावा करणाऱ्याने त्याच्या दुसऱ्या मित्राची गाठ एकदा घ्यावी.

एक व्यावहारिक अडचण पुस्तकांत क्वचित येते, ती म्हणजे ऐकू येण्याची. वाढत्या वयात येणाऱ्या बहिरेपणात आधी उंच पट्टीचे ध्वनी जातात. स्वर बऱ्यापैकी ऐकू येतात, पण स, श, फ यांसारखी व्यंजने पुसट होतात, म्हणून 'आवाज येतो, पण शब्द कळत नाही' अशी तक्रार असते. अशा माणसाशी ओरडून बोलण्याने शब्द स्पष्ट होत नाहीत, उलट बोलणे भांडणासारखे वाटते. शेजारी न बसता समोर बसावे, चेहऱ्यावर उजेड राहील असे पाहावे, टीव्ही बंद करावा आणि थोडे सावकाश बोलावे. पुष्कळ ज्येष्ठ माणसे चारचौघांत अबोल दिसतात ती स्वभावाने अबोल नसतात, त्यांना गोंगाटात संभाषणाचा धागा सापडत नसतो, आणि तीच एकटी भेटली की तासभर बोलतात.

ऐकलेले टिपून ठेवावे की नाही, हा प्रश्न मोबाईलमुळे पूर्वीपेक्षा नाजूक झाला आहे, कारण ध्वनिमुद्रण नकळत करता येते. बॉस्वेल सहसा भेटीनंतर त्रोटक टिपणे करी आणि फुरसतीने त्यांवरून रोजनिशी लिही. ती सर्वांना रुचली असे नाही. १७७३ साली दोघांनी केलेल्या स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांच्या सफरीचे वर्णन त्याने १७८५ साली छापले, तेव्हा त्यात उल्लेख आलेली काही मंडळी चांगलीच बिथरली आणि त्याच्यासमोर तोंड उघडताना लोक जपू लागले. जॉन्सनची गोष्ट मात्र वेगळी होती. त्या सफरीत पावसापाण्यामुळे बेटांवर अडकून पडलेल्या दिवसांत त्याने बॉस्वेलची रोजनिशी मागून घेऊन वाचली, आपण काय बोललो हे पाहिले, चुकले होते तेथे दुरुस्ती सुचवली, आणि ती पुढे लिहीत राहण्यास हरकत घेतली नाही.