पंख्याचा वेग कोणी ठरवायचा?

मागच्या वेळी आपण कॅबिनेटमध्ये हवा कुठून आत येते आणि कुठून बाहेर जाते, ते पाहिलं. शेवटी बऱ्याच जणांचा एकच प्रश्न होता : ‘पंखे फार आवाज करतात, फॅन कंट्रोलर कुठला घेऊ?’ आज त्याचं उत्तर बघू. पण ‘कुठला घेऊ’च्या आधी दुसरा प्रश्न येतो. पंख्याचा वेग ठरवणार कोण? तुमचा हात, की आतलं तापमान?

हे मी नुकसान करून घेऊन शिकलो. नागपूरला असताना मी कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला चार नॉबचा कंट्रोलर बसवला. डिसेंबर होता, हवा गार. सगळे नॉब खाली आणले, खोली शांत झाली, आणि मी ते नॉब विसरून गेलो. मे महिना आला. एका दुपारी व्हिडिओ रेंडरिंगला लावून जेवायला बसलो. परत येऊन बघतो, तर मशीन बंद. सकाळपासूनचं काम गेलं. कंट्रोलर बिघडला नव्हता बरं का. डिसेंबरात मी जे सांगितलं, तेच तो मे महिन्यात इमानदारीने करत होता.

यामागचं कारण साधं आहे. पंखा हवा थंड करत नाही, फक्त बदलतो. खोलीत १८ अंश असताना एखादा प्रोसेसर ६५ अंशांवर चालत असेल, तर खोली ४२ अंशांवर गेली की तेच काम, तोच पंख्याचा वेग, आणि प्रोसेसर ८९ च्या आसपास. वरचे २४ अंश जसेच्या तसे चढतात. आजचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या जवळपास स्वतःचा वेग कमी करतात, आणि तरीही उष्णता वाढली तर मशीन बंद होतं.

आता तारा बघू. पंख्याला ३ पिन असतील तर एक ग्राउंड, एक १२ व्होल्टची, आणि तिसरी वेग कळवणारी. दर फेरीला ती दोन पल्स पाठवते. अशा पंख्याचा वेग कमी करायचा तर व्होल्टेज कमी करावं लागतं. ४ पिनच्या पंख्याला १२ व्होल्ट कायम मिळतात आणि चौथ्या तारेवरून पीडब्ल्यूएम सिग्नल येतो, म्हणजे सेकंदाला सुमारे २५ हजार वेळा चालू-बंद. त्यातला ‘चालू’चा वाटा किती, यावरून पंखा आपला वेग ठरवतो. याचा मोठा फायदा लक्षात घ्या : चौथी तार निघाली तर पंखा थांबत नाही, पूर्ण वेगाने फिरतो. चूक झालीच, तर ती सुरक्षित बाजूला होते.

व्होल्टेजवर चालणाऱ्या पंख्याचं तसं नाही. फिरता पंखा कमी व्होल्टेजवर फिरत राहतो, पण थांबलेला पंखा त्याच व्होल्टेजवर सुरू होईलच असं नाही. म्हणून वेग कमी केल्यावर मशीन एकदा पूर्ण बंद करा, पुन्हा सुरू करा आणि सगळे पंखे फिरतात का, ते डोळ्यांनी बघा.

जुन्या घरांतला छताच्या पंख्याचा मोठा रेग्युलेटर आठवतो? हात लावला की गरम लागायचा. साधे नॉबवाले कंट्रोलरही बरेचदा तसेच, उरलेली वीज उष्णता करून टाकतात. ती उष्णता पुन्हा कॅबिनेटमध्येच!

मग घ्यायचं काय? पहिलं उत्तर : कदाचित काहीच नाही. आजच्या बहुतेक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये तापमानाप्रमाणे वेग ठरवायची सोय असते. आधी हेडरचा मोड तपासा. ३ पिनचा पंखा पीडब्ल्यूएम मोडवर राहिला, तर तो सतत पूर्ण वेगाने ओरडत राहतो, आणि आपण दोष पंख्याला देतो. मग सुरुवातीला ४० अंशांना ३० टक्के, ६० ला ५०, ८० ला १०० असं ठेवून बघा. वेग बदलायला काही सेकंदांचा उशीर ठेवा, नाहीतर एखादी फाइल उघडली की पंखा भुर्रकन वर जातो. आणि वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, आवाज मात्र सुमारे १५ डेसिबलने उतरतो. थोडं कमी केलं तरी कानाला पुष्कळ फरक पडतो.

दुसरं : पंखे जास्त, हेडर कमी. मदरबोर्डचा हेडर साधारण १ अँपिअर देतो. नक्की आकडा मॅन्युअलमध्ये बघा. ०.२ अँपिअरचे चार पंखे म्हणजे ०.८. सुरू होताना पंखा जास्त करंट ओढतो, म्हणून काठोकाठ भरू नका. त्याहून जास्त असतील तर एसएमपीएसमधून थेट वीज घेणारा पीडब्ल्यूएम हब घ्या. साधारणपणे हब एकाच पंख्याचा वेग बोर्डाला कळवतो. बाकीचे थांबले तर कळणार नाही, म्हणून अधूनमधून स्वतः बघायचं. आणि प्रोसेसरचा पंखा हबवर नाही, बोर्डाच्या सीपीयू फॅन हेडरवरच ठेवा.

तिसरं : स्वतंत्र कंट्रोलर. ग्राफिक्स कार्ड जोरात तापत असतं आणि बोर्ड प्रोसेसरचंच तापमान बघत बसतो, अशा वेळी याचा खरा उपयोग होतो. तापमानाचा सेन्सर हवा तिथे लावता येईल, असा घ्या. दुकानदाराला तीन गोष्टी विचारा. माझे पंखे ३ पिनचे आहेत, चालतील का? संगणकातलं सॉफ्टवेअर अडकलं तर पंखे कुठल्या वेगावर राहतात? आणि मी लिनक्स वापरतो, तर सेटिंग कसं करायचं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘पूर्ण वेगावर’ किंवा ‘सेटिंग कंट्रोलरमध्येच साठतं’ असं आलं, तर पुढे बोला.

श्रोत्यांमधून एका ताईंनी विचारलंय, ‘मग नॉबवाला घ्यायचाच नाही का?’ घ्या ना. घरी आवाजाचं रेकॉर्डिंग करत असाल, तर दहा मिनिटं शांतता हवी असते, तेव्हा हाताशी नॉब सोयीचा. पण रेकॉर्डिंग संपलं की नॉब परत वर. ती आठवण तुम्हाला दर वेळी राहणार असेल, तर खुशाल घ्या. मला राहिली नाही, म्हणून मी ते काम तापमानाकडे सोपवलंय.