दोन लॅपटॉपच्या मधले दिवस

राजीनामा दिल्यावर दुसऱ्या दिवशी काहीच बदलत नाही. हिंजवडीच्या फेज टूमधल्या एका कंपनीत आठ वर्षं काढलेल्या डेव्हलपरने पोर्टलवर अर्ज भरला, कारणांच्या यादीतून 'चांगली संधी' निवडलं, मॅनेजरशी थोडं बोलणं झालं. दुसऱ्या सकाळी ती भूमकर चौकातल्या त्याच कोंडीतून ऑफिसला पोचली, स्टँडअपमध्ये काल काय केलं आणि आज काय करणार ते सांगितलं, आणि टिकीट उघडून कामाला लागली. नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा. तेवढ्यात तिला एक लॅपटॉप परत करायचा होता आणि एक सिस्टीम दुसऱ्याच्या हाती द्यायची होती. लॅपटॉपसाठी कंपनीकडे नीट आखलेली पद्धत होती. सिस्टीमसाठी नव्हती.

भारतातल्या अनेक मोठ्या आयटी कंपन्यांच्या करारात तीन महिन्यांची नोटीस असते. अमेरिकेत दोन आठवडे आधी सांगण्याचा प्रघात आहे आणि तोही बहुतेक ठिकाणी कायद्याने बंधनकारक नाही. क्लायंटच्या प्रोजेक्टला धक्का लागू नये, हा नव्वद दिवसांमागचा विचार. पण त्याने नोकरी बदलण्याची रीतच बदलली. रिक्रूटरचा फोन आला की पगाराच्याही आधी 'नोटीस किती?' असं विचारलं जातं. नोकरी डॉट कॉमच्या प्रोफाइलमध्ये त्यासाठी वेगळा रकाना आहे. जो आधीच नोटीसवर आहे तो लवकर येऊ शकतो, म्हणून त्याला मागणी जास्त. मग एक ऑफर हातात घेऊन पेपर टाकायचे आणि नोटीसच्या काळात आणखी चांगली ऑफर शोधायची, असं पुष्कळ जण करतात. उमेदवार ऐनवेळी येणारच नाही या धास्तीने नव्या कंपनीची एचआर अधूनमधून फोन करत राहते. कधी नवी कंपनी उरलेल्या दिवसांचे पैसे भरून बायआउट करते, तर कधी जुनी कंपनी त्याला नकार देते.

खरं तर काम सोपवायला तीन महिने भरपूर आहेत. ते हातातून कसे निसटतात, हे जवळून पाहिलं की वाईट वाटतं. सुरुवातीचे दिवस तिला थांबवून घेण्यात गेले: काउंटर ऑफर, वरच्या साहेबांची भेट, दुसऱ्या प्रोजेक्टचं आमिष. मग बदली माणूस घ्यायची मंजुरी मागितली गेली आणि ती अडकून पडली. तोवर तिच्या नावावर नवी टिकिटं येतच होती, कारण क्लायंटला तिच्या तासांचं बिल जात होतं. अखेर टीममधलाच एक मुलगा, कॉलेजातून बाहेर पडून दीडेक वर्ष झालेला, तिच्या शेजारी बसवण्यात आला. केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, सुरू झाली तेव्हा हातात शेवटचे काही आठवडे उरले होते.

तिची सिस्टीम ताळमेळाची. क्लायंटचे दिवसभरातले व्यवहार आणि बँकेच्या नोंदी जुळतात की नाही, ते ही सिस्टीम रोज रात्री तपासते. बँक आपली फाइल एका सर्व्हरवर ठेवते, प्रोग्राम ती उचलतो, ओळीमागून ओळ जुळवतो आणि न जुळलेल्या व्यवहारांची यादी सकाळी क्लायंटच्या टेबलावर ठेवतो. कोड वाचता वाचता मुलगा एका ओळीपाशी अडला.

"मॅम, फाइल सापडल्यावरही प्रोग्राम चाळीस मिनिटं नुसता थांबतोय. हे काढलं तर रन लवकर संपेल ना?"

"रोज संपेल. महिनाअखेरीला मात्र रात्री दोनला तुझा फोन वाजेल."

मग तिने त्यामागची हकीकत सांगितली. बँकेची फाइल एका दमात येत नाही. सर्व्हरवर तिचं नाव आधी दिसतं आणि मजकूर मागून उतरत राहतो. एरवी फाइल लहान असते, त्यामुळे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. महिनाअखेरीची फाइल अवाढव्य असते. ती अर्धी उतरलेली असताना वाचली तर उरलेले सगळे व्यवहार 'बँकेत नाहीत' म्हणून यादीत येतात. एका रात्री नेमकं तेच झालं होतं. त्या वेळच्या सीनियरने घाईघाईत चाळीस मिनिटांचा थांबा घातला. तो सीनियर केव्हाच कंपनी सोडून गेला. तिला हे ठाऊक होतं, कारण त्या रात्री ती त्याच्यासोबत कॉलवर होती. यावर नीट उपाय म्हणजे पूर्ण फाइल उतरली की बँकेने शेजारी खुणेची एक रिकामी फाइल ठेवायची आणि प्रोग्रामने ती दिसेपर्यंत थांबायचं. बँकेकडे तशी मागणी गेली होती आणि ती तिथल्या रांगेत पडून होती.

यातलं काहीही कोडमध्ये नव्हतं. कोडमध्ये होता एक आकडा. मुलाने कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये ब्लेम चालवून पाहिलं, तर ती ओळ कुणी आणि कधी लिहिली ते दिसलं. बदलाच्या नोंदीत एकच शब्द होता, 'फिक्स'.

लिनस टोरवाल्ड्सने गिट लिहायला घेतलं ते एप्रिल २००५ मध्ये. लिनक्स कर्नलचं काम तोवर बिटकीपर नावाच्या ज्या तशाच प्रणालीवर चाले, त्याची फुकट वापरायची मुभा बंद झाली होती. कर्नलच्या टीममध्ये बदल दोन ओळींचा असला तरी तो का लागला, आधी काय बिघडत होतं, हे नोंदीत सविस्तर लिहावं लागतं, नाहीतर पॅच परत येतो. आज जवळजवळ सगळा सॉफ्टवेअर उद्योग तेच गिट वापरतो. कारण लिहायची जागा प्रत्येकाकडे आहे, ती भरायची शिस्त मात्र थोड्यांकडे. दर दोन आठवड्यांनी स्प्रिंट संपवणाऱ्या टीमला त्या दोन ओळी वेळेचा अपव्यय वाटतात. चार वर्षांनी त्याची किंमत कुणीतरी दुसराच मोजतो.

डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ मध्ये 'प्रोग्रामिंग अॅज थिअरी बिल्डिंग' हा निबंध लिहिला. पुढे २००५ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. त्या निबंधात एका कंपायलरची गोष्ट आहे. तो एका गटाने बनवला आणि दुसऱ्या गटाला तो वाढवून वापरायचा होता. दुसऱ्या गटाकडे सगळा कोड होता, कागदपत्रं होती, पहिल्या गटाचा सल्लाही मिळत होता. तरी त्यांनी सुचवलेल्या काही सुधारणा मूळ रचनाच मोडणाऱ्या होत्या. नाउर यांचं म्हणणं असं की प्रोग्राम म्हणजे तो बनवणाऱ्यांच्या मनात तयार झालेली समज, आणि ती कागदावर पुरती उतरत नाही. ज्यांच्याकडे ही समज आहे ती माणसं पांगली की कोड चालू असला तरी तो प्रोग्राम मेलेला असतो. हिंजवडीतल्या कुठल्याही केटीला जाऊन बसा, चाळीस वर्षांपूर्वीचं हे म्हणणं समोर घडताना दिसतं.

केटीची सर्वांत प्रचलित पद्धत म्हणजे मीटिंग लावायची, स्क्रीन शेअर करायची, बोलत सुटायचं आणि सगळं रेकॉर्ड करून ठेवायचं. त्या तासन् तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये हवं ते वाक्य शोधणं जवळपास अशक्य असतं, आणि ऐकणाऱ्याला न सुचलेले प्रश्न त्यात नसतातच. उपयोगी पडते ती रिव्हर्स केटी, म्हणजे ज्याने शिकायचं त्यानेच सगळं परत समजावून सांगायचं. तिने आणखी पुढे जाऊन शेवटचा रिलीज पूर्णपणे त्या मुलाला करायला लावला. आपण कीबोर्डला हात लावायचा नाही, तो अडला तरच बोलायचं, असं तिने ठरवलं.

तो बऱ्याचदा अडला, आणि प्रत्येक वेळी अशी गोष्ट बाहेर आली जी फक्त तिच्या मशीनवर होती. रिलीजआधी दोन टेबलं तपासणारी एक छोटी स्क्रिप्ट तिच्या होम फोल्डरमध्ये होती, रिपॉझिटरीत नव्हती. एक अर्धवट सुधारणा गिटच्या स्टॅशमध्ये होती. स्टॅश सर्व्हरवर जात नाही, लॅपटॉप पुसला की तोही जातो. डेटाबेसचे काही आदेश तिला पाठ नव्हतेच. कंट्रोल आणि आर दाबून ती टर्मिनलच्या जुन्या इतिहासातून ते उचलायची. त्या इतिहासाच्या फाइलीत बऱ्याच वर्षांचे प्रसंग होते, कुठल्या रात्री काय तपासलं, कोणत्या क्रमाने. दोघांनी बसून त्यातले कामाचे आदेश निवडले आणि प्रत्येकापुढे तो कधी लागतो ते लिहून रिपॉझिटरीत ठेवलं. या सगळ्या हस्तांतरात तो दीड पानांचा मजकूर सर्वांत मोलाचा ठरावा.

सर्वांत धोक्याची गोष्ट दिसली ती मात्र योगायोगाने. महिन्याचा एक अहवाल आपोआप निघायचा, तो तिच्या वैयक्तिक खात्याच्या टोकनवर. शेवटच्या संध्याकाळी तिचं खातं बंद होणार, आणि एक तारखेला अहवाल निघणार नाही. टोकनची मुदत संपली असेल, सर्व्हर बिघडला असेल, असे तर्क लढवत नवा माणूस दिवस घालवेल. त्यासाठी स्वतंत्र सर्व्हिस अकाउंट हवं होतं. त्याचं टिकीट, सुरक्षा विभागाची मंजुरी, मग मॅनेजरची. तिचा शेवटचा दिवस उजाडायच्या थोडं आधी ते झालं.

शेवटच्या दिवशी लॅपटॉपवरचा अॅसेट क्रमांक स्कॅन झाला, चार्जर, हेडसेट आणि आयकार्ड यादीशी ताडून घेतले गेले, सही झाली. डिस्क एन्क्रिप्टेड असते आणि यूएसबी पोर्ट बंद असतात, त्यामुळे कोड घरी नेण्याचा प्रश्न येत नाही. ते रास्तही आहे, कारण तो कोड कंपनीचा आणि डेटा क्लायंटचा. पण बॅगेतल्या चार्जरचीही नोंद ठेवणाऱ्या त्या यादीत चाळीस मिनिटांच्या थांब्याचं कारण विचारणारा रकाना नव्हता. असा रकाना असायला हवा.

अचानक काढून टाकलं जातं तेव्हा एवढीही संधी नसते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटरने जवळपास निम्मे कर्मचारी कमी केले. कित्येकांना ते कळलं लॅपटॉपचं लॉगिन चालेनासं झाल्यावर. त्यांच्यातल्या काहींना काही दिवसांतच परत बोलावणं गेल्याच्या बातम्या आल्या, कारण त्यांच्यावाचून काम अडत होतं.

हाताशी मशीन नसणं या उद्योगाला नवं नाही. पुण्यात १९८१ मध्ये इन्फोसिस सुरू झाली तेव्हा तिच्याकडे स्वतःचा कॉम्प्युटरच नव्हता. तो, डेटा जनरलचा एमव्ही ८०००, आला १९८३ मध्ये, कंपनी बंगळुरूला हलली तेव्हा. तोवर काम व्हायचं ते क्लायंटच्या मशीनवर. तेव्हा मशीन दुर्मीळ होतं आणि माणूस मशीनपाशी जायचा. आता जॉइन होण्याआधीच लॅपटॉप कुरिअरने घरी येतो, तरी जुनं परत दिल्यापासून नवं उघडेपर्यंतचे काही दिवस डेव्हलपरच्या हाताशी कामाचं काहीच नसतं. तिने ते दिवस कागदपत्रांत घालवले. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, तोच राहतो, पण जुन्या खात्यातला पीएफ नव्यात वळवायचा तर जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख नोंदवावी लागते. त्यांनी नाही नोंदवली, तर दोन महिने थांबून पोर्टलवर ती स्वतः भरता येते. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली तर आधीच्या पगाराचा तपशील नव्या कंपनीला देणं विसरू नये. नाहीतर दोन्हीकडे करमुक्त मर्यादेचा फायदा धरला जातो आणि रिटर्न भरताना मोठी रक्कम समोर येते.

नवा लॅपटॉप उघडल्यावर पहिलं काम असतं ओळख पटवण्याचं. त्यासाठी लागणारा एसएसएच १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू इलोनेन यांनी लिहिला, विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरीला गेल्यानंतर. त्यात किल्ल्यांची जोडी असते. सार्वजनिक किल्ली सर्व्हरला द्यायची, खासगी किल्ली मशीनबाहेर जाऊ द्यायची नाही. म्हणून नव्या मशीनवर किल्ली नवी करायची आणि प्रत्येक प्रवेश नव्याने मागायचा: व्हीपीएन, रिपॉझिटरी, डेटाबेस, लॉग. प्रत्येकाचं टिकीट वेगळं, मंजुरी देणारा वेगळा. आठ वर्षांचा अनुभव असलेली इंजिनिअर पहिला आठवडाभर एक ओळही लिहू शकत नाही, यात नवल काही नाही.

मग प्रोजेक्ट चालू करायचा. रीडमीत लिहिलं होतं जावा ८, कोडला हवं होतं १७. डेटाबेसची डॉकर इमेज इंटेलच्या चिपसाठी बनवलेली होती आणि तिचं मशीन होतं अॅपलच्या एआरएम चिपचं. २०२० च्या अखेरीस एम१ आल्यापासून ही अडचण जगभरच्या टीमनी सोसली आहे. इमेज कशीबशी चालायची, पण इतकी हळू की टेस्ट वेळ संपून पडायच्या. शेजारच्या सहकाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "अगं, ती इमेज आम्ही कुणीच वापरत नाही. थांब, तुला लिंक पाठवतो." टीममध्ये सगळ्यांना माहीत, लिहिलेलं कुठेच नाही.

ती अडली की वहीत ओळ लिहायची: काय केलं, काय पडलं, कशाने चाललं. बिल्ड हिरवा झाला तेव्हा ती यादी तयार होती. नव्या टीममधली तिची पहिली पुल रिक्वेस्ट म्हणजे रीडमीतल्या या दुरुस्त्या: जावाची आवृत्ती, योग्य इमेज, प्रवेश कोणत्या क्रमाने मागायचे, आणि प्रत्येकापुढे कारण. रिव्ह्यू करणाऱ्या सीनियरने एकच शेरा टाकला. टेस्टसाठी आधी स्टेजिंगचं व्हीपीएन जोडावं लागतं, हेही लिही, मी ते सगळ्यांना तोंडीच सांगतो. तिने उलट विचारलं, आधी का? त्याचं उत्तर तीन ओळींचं होतं. ते तिने त्याच्याच शब्दांत रीडमीत घातलं आणि बदल मर्ज झाला. सोमवारी टीममध्ये आणखी एक जण येतोय. त्याचं मशीन या पानावरून, कुणाला काही न विचारता लागतंय का, हे ती त्याच्या शेजारी बसून पाहणार आहे.